गाडीच्या आरपार दिसणारी भिंत

मोटारीचा फोटो काढताना तिच्या मागे काय आहे, हा कडेचा प्रश्न असतो. मोटारीचं अंग भरीव पत्र्याचं. मागचं झाड, कुंपण, इमारत तिच्या बाह्यरेखेपाशी येऊन अडतं. मोटरसायकल मात्र आरपार दिसते. टाकीखालच्या पोकळीतून, फ्रेमच्या नळ्यांमधून, सीटखालून, पुढचं चाक धरणारा फोर्क आणि इंजिन यांच्या मधल्या फटीतून, दोन्ही चाकांच्या छत्तीस नाहीतर चाळीस आऱ्यांमधून मागचं सगळं पुढे येतं. जुन्या गाड्यांना प्लास्टिकची आवरणं नाहीत, त्यामुळे ही पोकळी आणखी जास्त. जुनी गाडी विकायला काढणारे पुष्कळ जण गाडी दोन दिवस घासून चकचकीत करतात आणि मग कुठेही उभी करून फोटो काढतात. ती ‘कुठेही’ जागा नंतर प्रत्येक फोटोत गाडीच्या पोटातून डोकावत राहते.

खरेदीदार फोटोत नेमकं काय बघतो याचा विचार केला की हे का महत्त्वाचं ते कळतं. तो टाकीची आणि सीटची रेषा बघतो. पुढचा मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट सगळीकडे सारखी आहे का, फोर्क सरळ आहेत का, फ्रेमची खालची नळी कुठे वाकली आहे का, चेनगार्ड आणि टूलबॉक्स जागेवर आहेत का, क्लचची केबल योग्य वाटेनं गेली आहे का, हे तो बघतो. यातली प्रत्येक गोष्ट कडेवरून ओळखायची असते, आणि कड दिसते ती मागच्या रंगाच्या विरोधात. मडगार्डच्या फटीतून बोगनवेलीची पानं दिसत असतील तर ती फट सारखी आहे की वाकडी, हे कुणालाच सांगता येणार नाही.

झाडीझुडूप ही म्हणूनच सगळ्यात फसवी जागा. डोळ्याला छान वाटते, कारण प्रत्यक्षात बघताना दोन डोळ्यांना खोली कळते आणि गाडी झाडीपासून सुटी दिसते. फोटोत खोली जाते आणि सगळं एका पातळीवर येतं. पानाचा आकार साधारण ब्रेकच्या लिव्हरएवढा, फांदी केबलएवढी, खडी नटबोल्टएवढी. मागच्या तपशिलाचा आकार गाडीच्या भागांच्या आकाराशी जितका जवळ, तितकी गाडी वाचायला अवघड. जागा निवडताना मी हा निकष सगळ्यांत वर ठेवतो. विटांची उघडी भिंत त्यात अर्धवट बसते. आडव्या थरांच्या रेषा हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिनांशी, म्हणजे सिलिंडरवरच्या आडव्या पात्यांशी, समांतर जातात आणि सिलिंडरची कड त्यात विरघळते. दुकानाचं लोखंडी शटर तर त्याहून वाईट, कारण त्याच्या पट्ट्या अगदी फिनांसारख्याच, एकसारख्या अंतरावर असतात. शिवाय फोटो लहान करून टाकला की शटरवर लाटांसारखे पट्टे उमटतात, जे तिथे नाहीतच. उभ्या नालीचा पत्रा फिनांना त्रास देत नाही, पण त्याच्या उभ्या रेषा तिरक्या फोर्कमागून जातात, आणि फोर्क सरळ आहे की नाही हे बघणाऱ्याचा गोंधळ करतात. गिलावा केलेली, एकाच रंगाची, डाग नसलेली लांब भिंत कंटाळवाणी वाटते. ती कंटाळवाणीच हवी.

रंग कुठला, यापेक्षा भिंत किती उजळ किंवा किती गडद, हा प्रश्न आधी सोडवावा. त्याची एक सोपी परीक्षा आहे. जागेवर एक फोटो काढायचा, फोनमध्येच तो कृष्णधवल करायचा आणि अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघायचा. विक्रीच्या यादीत खरेदीदार आधी तेवढंच चित्र बघणार असतो. टाकी, सीट, दोन्ही चाकं आणि सायलेन्सर यांची रेषा तेवढ्या आकारातही सुटी दिसली तर जागा चालेल. टाकी भिंतीत मिसळली तर रंग वेगळे असूनही जागा बदलावी. लाल टाकी आणि हिरवं कुंपण डोळ्याला अगदी वेगळे दिसतात, पण कृष्णधवल केल्यावर दोन्ही बहुतेक एकाच करड्या छटेचे निघतात. रंगात त्यांची जोडी डोळ्याला टोचते ती वेगळीच, आणि फोन दोन्ही रंग आणखी भडक करून ठेवतो.

मध्यम ते फिकट करडी भिंत बहुतेक गाड्यांना चालते, कारण काळी फ्रेम तिच्यापेक्षा गडद राहते आणि क्रोमवरचे उजेडाचे पट्टे तिच्यापेक्षा उजळ राहतात. पण ‘बहुतेक’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९४८ साली आलेल्या व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो या ब्रिटिश मोटरसायकलीचं इंजिनसुद्धा काळ्या मुलाम्याचं होतं. टाकी काळी, फ्रेम काळी, इंजिन काळं. अशा गाडीला फिकट भिंतच लागते, नाहीतर फोटोत दोन चाकांच्या मध्ये एक काळा ढग दिसतो. उलट बीएसए गोल्ड स्टार या दुसऱ्या ब्रिटिश गाडीची टाकी क्रोमची आणि तिच्यावर रुपेरी पट्टा. ती फिकट भिंतीपुढे हरवते, तिला गडद मागचं बरं. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या इंजिनकेसचीही हीच अडचण आहे. ॲल्युमिनियम करडं, भिंत करडी. अशा वेळी भिंत रंगवायला लागत नाही. गाडी भिंतीपासून आणखी पुढे, उघड्या आकाशाच्या उजेडात आणायची आणि भिंत छपराच्या सावलीत ठेवायची, म्हणजे तीच भिंत फोटोत एक-दोन छटा गडद होते.

कॅमेरा भिंतीच्या उजेडाला भुलतो हेही लक्षात ठेवायला हवं. पांढरी भिंत असली की तो चित्र गडद करतो आणि इंजिन काळोखात जातं. मागे काळोख असला की चित्र उजळ करतो आणि क्रोमवरचे तपशील पांढरे होऊन जळतात. पांढऱ्या भिंतीपुढे उजेड एक ते दीड स्टॉप वाढवावा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), गडद भिंतीपुढे पाऊण ते एक स्टॉप कमी करावा. फोनवर टाकीवर बोट दाबून ठेवलं की उजेड आणि फोकस तिथे बांधले जातात, मग शेजारच्या पट्टीनं वर-खाली करता येतं. दर फोटोला कॅमेऱ्यानं आपापला अंदाज बांधला तर एकाच टाकीचा लाल रंग पाच फोटोंत पाच वेगळा दिसतो, आणि खरेदीदाराला रंगकामाची शंका येते.

आता अंतर. जुन्या मोटरसायकलीची लांबी साधारण दोन ते सव्वादोन मीटर असते. दोन्हीकडे मोकळी जागा धरून चौकटीत तीन मीटर रुंदी बसवावी लागते. फोनच्या नेहमीच्या रुंद लेन्सनं त्यासाठी जेमतेम सव्वादोन मीटरवर उभं राहावं लागतं. इतक्या जवळून दोन गोष्टी बिघडतात. कॅमेऱ्याकडे आलेलं हँडलचं टोक आणि फूटरेस्ट फुगतात, चाकं कडेला ताणली जातात. दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची, आणि ती फारशी कुणी मोजत नाही. भिंत गाडीच्या मागे तीन मीटरवर असेल, तर सव्वादोन मीटरवरून काढलेल्या फोटोत भिंतीचा सात मीटर रुंद भाग येतो. सात मीटर स्वच्छ भिंत सहसा मिळत नाही. त्यात खिडकी येते, पाण्याचा पाइप येतो, विजेचा मीटर येतो. तीच गाडी सात मीटरवरून, ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं किंवा फोनच्या तिप्पट झूमच्या लेन्सनं काढली, तर भिंतीचा फक्त सव्वाचार मीटर भाग लागतो. गाडी चौकटीत तेवढीच दिसते, मागचा पसारा मात्र निम्म्याच्या जवळ येतो. जागा लहान असेल तर पुढे सरकू नये, मागे जावं, हे ऐकायला उलटं वाटतं पण गणित असंच आहे. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर दुप्पट झूमवर साडेचार मीटरवरून काढावं. तेवढ्यानंही मोठा फरक पडतो.

गाडी भिंतीला चिकटवून उभी करणं ही नेहमीची चूक. मग गाडीची सावली भिंतीवर पडते आणि प्रत्येक आरीला, प्रत्येक केबलला काळा जोडीदार मिळतो. किमान दोन, शक्यतो तीन मीटर अंतर ठेवावं. अंतराचा दुसरा फायदा म्हणजे भिंत किंचित धूसर होते, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. ८५ मिलिमीटरवर लेन्सचं छिद्र एफ २.८ इतकं मोठं ठेवून सात मीटरवरच्या गाडीवर फोकस केला, तर मागची-पुढची मिळून सव्वा मीटरच्या आतच स्पष्टता मिळते. अगदी बाजूनं काढलेल्या फोटोला तेवढी पुरते. तिरप्या कोनातून काढताना मात्र पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्यात दीड मीटरहून जास्त खोली येते, त्यामुळे एफ ८, म्हणजे लहान छिद्र, हवं. आणि एफ ८ वर भिंत बऱ्यापैकी स्पष्टच राहते. म्हणून मुळातच चांगली भिंत निवडावी, धूसर करून लपवता येईल अशी वाईट भिंत निवडू नये.

कॅमेऱ्याची उंचीही पार्श्वभूमी ठरवते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून बघितलं तर गाडीच्या मागे बरीच जमीन येते. सत्तर सेंटिमीटरवरून, म्हणजे टाकीच्या खालच्या कडेच्या आसपासहून बघितलं तर मागे भिंत येते. भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती रेषा सगळ्यात त्रासदायक, कारण ती गाडीला आडवी कापते. गाडी सात मीटरवर आणि भिंत तिच्या मागे तीन मीटरवर असेल, तर दीड मीटर उंचीवरून ही रेषा गाडीवर जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर येते, थेट इंजिनाच्या मधोमध. सत्तर सेंटिमीटरवरून ती एकवीस सेंटिमीटरवर येते, चाकांच्या आसाखाली. तिथे ती कुणाला बोचत नाही. गुडघा टेकून फोटो काढायचा सल्ला सगळेच देतात, त्यामागचं खरं कारण हे आहे. उघड्या माळावर किंवा पाण्याकाठी क्षितिजालाही हाच विचार लावावा. सत्तर सेंटिमीटरवरून सपाट माळाचं क्षितिज गाडीवरही सत्तर सेंटिमीटरवरच येतं, म्हणजे टाकी आणि सीट यांच्या खालच्या कडेला. थोडं वर-खाली होऊन ते टाकीच्या रंगाच्या पट्ट्यांपासून आणि हेडलाइटपासून दूर ठेवावं. आणि ते समतळ हवं. क्षितिज कललं की गाडी कललेली वाटते आणि फ्रेमबद्दल नको तो संशय येतो.

समोरून आणि मागून काढलेल्या फोटोंत गाडी जेमतेम सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद असते. आडव्या चौकटीत मग गाडी थोडी आणि पार्श्वभूमीच जास्त होते. हे दोन फोटो उभ्या चौकटीत काढावेत.

इथवर झाली ती गाडीच्या मागची पार्श्वभूमी. दुसरी पार्श्वभूमी गाडीच्या समोर असते, फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, आणि जुन्या गाडीत तीच जास्त दिसते. हेडलाइटचं कडं, एक्झॉस्ट पाइप, सायलेन्सर, टाकीच्या क्रोमच्या बाजू हे सगळे फुगीर आरसे आहेत. फुगीर आरशात समोरचं जवळजवळ सगळं जग मावतं. मागची भिंत कितीही निवडून घेतली आणि समोर रस्त्यावर लाल टेम्पो उभा असला, तर तो टेम्पो सायलेन्सरवर लांब लाल पट्टा होऊन बसतो. खरेदीदाराला तो गंज वाटू शकतो. समोर पांढरी इमारत आणि तिच्या काळ्या खिडक्या असतील तर टाकीवर चौकोनी डाग दिसतात, जणू रंग उडाला आहे. म्हणून जागा बघायला गेल्यावर आधी भिंतीकडे पाठ करून उभं राहावं आणि समोर काय आहे ते बघावं. समोर मोकळं आकाश आणि सपाट, एकाच रंगाची जमीन असली, तर टाकीवर वरून खाली एक सलग उतरती छटा मिळते आणि तिचा आकार डोळ्यांत भरतो. त्या सलग छटेत पोचा असला तर तोही दिसतो. दिसू द्यावा. पोचा लपवून बोलावलेला माणूस पोचा बघून परत जातो.

फोटो काढणाऱ्यानं गडद करडे किंवा काळे कपडे घालावेत. पिवळं रेनकोट किंवा लाल टी-शर्ट हेडलाइटच्या कड्यात नक्की सापडतं. पोलरायझर हा लेन्सपुढे लावायचा, चमक कापणारा फिल्टर. त्यानं सगळी प्रतिबिंबं जातात, असा एक गैरसमज आहे. रंगावरच्या लॅकरची चमक तो तिरप्या कोनातून कमी करतो, पण धातूवरून परतलेल्या उजेडावर त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. क्रोममधला टेम्पो फिल्टरनं जाणार नाही, टेम्पोच हलवावा लागेल.

मागच्या आणि समोरच्या दोन्ही पृष्ठभागांचा रंग गाडीवर चढतो. हिरवळीवर उभ्या केलेल्या गाडीचे पाइप खालून हिरवे दिसतात, पॉलिश केलेलं क्रँककेस हिरवं दिसतं. लाल विटांजवळ क्रोम तांबूस होतं. निरभ्र दिवशी इमारतीच्या सावलीत सगळं निळसर होतं, कारण तिथे उजेड फक्त निळ्या आकाशाचा असतो. करड्या कार्डावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, बांधून घेतला तर निळी झाक जाते, हिरवी छटा मात्र जात नाही, कारण ती फक्त खालच्या बाजूला असते. पातळ ढगांचा दिवस, किंवा सूर्य उगवण्याआधीचा आणि मावळल्यानंतरचा अर्धा तास यांना पर्याय नाही. तेव्हा अख्खं आकाश एक मोठा मऊ दिवा होतं.

हिरवळीबद्दल आणखी एक सांगायला हवं. तिच्यात टायरची खालची कड बुडते, साइड स्टँड रुततो आणि गाडी जास्त कलते. पण मुख्य म्हणजे हिरवळ तेल लपवते. जुनं इंजिन म्हटलं की खरेदीदाराचा पहिला प्रश्न गळतीचा असतो, आणि गवतावरची गाडी बघितली की त्याला वाटतं, हा काहीतरी झाकतोय. ओल्या फरशीचंही तसंच. कोरडा, झाडलेला, फिकट कोबा हा विक्रीच्या फोटोसाठी उत्तम. काळा टायर त्याच्यावर सुटा दिसतो आणि इंजिनाखाली डाग नाही हे न सांगता दिसतं. डांबरी रस्त्यावर टायर आणि जमीन एक होतात, गाडी तरंगल्यासारखी वाटते. कोब्यावर गाडीभोवती तीन मीटरपर्यंत झाडून घ्यावं. वाळकं पान, विडीचं थोटूक, टायरच्या मातीचा पट्टा, फोटोत हे सगळं प्रत्यक्षापेक्षा मोठं वाटतं. गाडी थोडी गळत असेल तर इंजिनाखाली एक पांढरा पुठ्ठा रात्रभर ठेवून सकाळी त्याचाच वेगळा फोटो द्यावा. दोन थेंब दिसलेले बरे, अंदाज बांधला गेलेला वाईट.

सगळे फोटो एकाच जागी, एकाच वेळी काढावेत. दुसरी बाजू दाखवायची तर गाडी फिरवावी, जागा बदलू नये. जुन्या गाड्यांत दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. ब्रिटिश गाड्यांचा गिअर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उजव्या पायाला होता. जावाची किक डाव्या बाजूला आणि तीच गिअरचा लिव्हर. जाणकार ती विशिष्ट बाजू आधी बघतो. एका बाजूमागे भिंत आणि दुसरीमागे बाग दिसली की दोन फोटो दोन वेगळ्या वेळचे असावेत, मधे काहीतरी बदललं असावं, अशी शंका येते.

वातावरण निर्माण करण्याचा मोह फार होतो. पडका वाडा, सोललेला गिलावा, गंजलेलं फाटक. माझं मत असं की जी गाडी मूळ अवस्थेत, झिजलेल्या रंगासह जपली आहे तिला पडक्या भिंतीपुढे उभी करू नये. तिथे ती भंगार वाटते. साध्या, स्वच्छ भिंतीपुढे तिची झीज जपलेली वाटते, कारण भोवती झिजलेलं दुसरं काही नसतं. पूर्ण नव्यानं बांधलेल्या गाडीचा एखादा फोटो जुन्या भिंतीपुढे शोभतो, पण तो एकच, आणि यादीत पहिला नको. जुनं हेल्मेट, चामड्याचं जॅकेट, मागे उभी जुनी मोटार, हे सगळं काढून टाकावं. दुसरी मोटरसायकल मागे असेल तर सगळ्यात वाईट, कारण कोणती केबल कुणाची तेच कळत नाही. १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात मोटरसायकलींचं प्रदर्शन झालं. त्यासाठी वास्तुकार फ्रँक गेरी यांनी आतल्या वळणदार चढाला चकचकीत स्टेनलेस स्टील लावलं. तिथे ते योग्य होतं, कारण लोक गाड्यांभोवती चालत होते. विकायच्या गाडीचा फोटो बघणारा जागचा हलू शकत नाही. त्याला एकाच कोनातून जे दिसतं त्यावर भरवसा ठेवायचा असतो.

पार्श्वभूमी नंतर बदलू, असं म्हणणाऱ्यांसाठी. फोनचा पोर्ट्रेट मोड आऱ्यांमध्ये हमखास चुकतो. चाकाच्या आतली भिंत स्पष्ट, बाहेरची धूसर, ब्रेकच्या केबलचा अर्धा भाग गायब. गाडी कापून दुसऱ्या चित्रावर बसवली किंवा संगणकाकडून नवी जागा बनवून घेतली, तर टायरखालची सावली बेतलेली दिसते आणि क्रोम जुनीच जागा दाखवत राहतं. मागे डोंगर, हेडलाइटच्या कड्यात गॅरेज. हे एका खरेदीदाराच्या लक्षात आलं की तो रंग, गंज, इंजिन नंबर, सगळ्यावरच शंका घेतो.

कागदाचा मोठा रोल लावून स्टुडिओसारखं करायचं तर मापं आधी बघावीत. नेहमीचा रोल २.७२ मीटर रुंद असतो. सव्वादोन मीटरच्या गाडीला बाजूनं तो अपुरा पडतो, ३.५५ मीटरचा लागतो. दीडशे ते सव्वादोनशे किलोची गाडी डबल स्टँडवर चढवताना कागद फाटतोच, म्हणून स्टँडखाली फळी ठेवावी आणि तिच्यावर त्याच कागदाचा तुकडा अंथरावा. जवळून घ्यायच्या फोटोंसाठी मात्र करड्या कागदाचा लहान तुकडाही खूप काम करतो. इंजिन आणि फ्रेमच्या मधल्या पोकळीत, पलीकडच्या बाजूनं तो धरला की सिलिंडरच्या बुडाचा जोड, कार्बोरेटरचा नळ, तेलाची नळी हे सगळं सुटं दिसतं.

भिंतच मिळत नसेल तर एखाद्या गॅरेजचं दार वापरावं. गाडी दाराच्या तोंडाशी, उंबऱ्याच्या बाहेर एखाद मीटरवर उभी करावी, दिवे बंद, दार पूर्ण उघडं. बाहेरच्या उजेडात गाडी उजळते आणि आतला भाग जवळपास काळा पडतो. क्रोम आणि फिकट रंगाच्या गाड्या इथे विलक्षण उठून दिसतात. काळी गाडी इथे मुळीच उभी करू नये. आत उजळ वस्तू असतील, पांढरा डबा, ट्यूबलाइटची पट्टी, चमकता पाना, तर त्या आधी हलवाव्यात. अवजारांची भिंत, कुलपाचा प्रकार, घराचा क्रमांक, दारासमोरचा फलक हे चौकटीत येऊ देऊ नये. जुन्या गाड्या चोरणाऱ्यांनाही हेच फोटो दिसतात. फोनमधली स्थाननोंद आधी बंद करावी, नंबरप्लेट झाकायची असेल तर नंतर पुसण्यापेक्षा फोटो काढतानाच करड्या पुठ्ठ्यानं झाकावी, आणि गाडी रोज जिथे ठेवली जाते त्याच गॅरेजच्या दारात हे फोटो शक्यतो काढूच नयेत.